सातव्या हेन्रीचे परराष्ट्र धोरण आणि ट्युडर घराण्याची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४८५ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेले नवे राजघराणे कोणते?

ट्युडर घराणे. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत यॉर्क घराण्याचा तिसरा रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्युडर सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता आणि त्यांपैकी शेवटची १४ वर्षे त्याने परमुलखात, आधी फ्रान्सलगतच्या ब्रिटनी या डचीच्या ड्यूकच्या आणि नंतर फ्रान्सच्या राजाच्या आश्रयाने काढली होती. त्याच्यापूर्वीच्या पंचवीसेक वर्षांत इंग्लंडचा मुकुट इतक्या वेळा हिसकावला गेला होता की, हाही राजा किती दिवस टिकतो ते पाहू, असाच युरोपातील दरबारांचा पवित्रा होता.

त्याचा गादीवरचा हक्क कच्चा होता का?

होय. त्याची आई मार्गारेट बोफर्ट ही तिसऱ्या एडवर्डच्या वंशातली होती खरी, पण बोफर्ट शाखेच्या मूळ संततीचा जन्म विवाहापूर्वीचा होता. पार्लमेंटने १३९७ मध्ये ती संतती औरस ठरवली, तरी चौथ्या हेन्रीने १४०७ मध्ये तिला राज्यावर हक्क नसल्याचा शब्द कागदात घालून ठेवला होता. वडिलांकडून पाहिले तर आजी कॅथरीन ही फ्रान्सच्या राजाची मुलगी होती, पण त्या नात्याने इंग्लंडचे राज्य मिळत नव्हते. हेन्रीने वंशावळीचा वाद फार उकरलाच नाही. पार्लमेंटकडून राज्य आपले असल्याचे मान्य करून घेतले, ३० ऑक्टोबर १४८५ रोजी राज्याभिषेक उरकला आणि मगच, १८ जानेवारी १४८६ रोजी, चौथ्या एडवर्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले. हा क्रम मुद्दाम राखलेला होता, कारण बायकोच्या हक्काने राजा झाल्याचे बोल त्याला ऐकायचे नव्हते.

पोप आठव्या इनोसंटने मार्च १४८६ मध्ये त्याचा विवाह आणि राज्याधिकार मान्य करून, त्याच्याविरुद्ध उठणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. परदेशातून मिळालेली ही त्याची पहिली मोठी कमाई.

मग देशातल्या शत्रूंचा बंदोबस्त करण्याऐवजी परराष्ट्र धोरणावर एवढा भर का?

कारण देशातला शत्रू एकटा फारसे काही करू शकत नव्हता. नाराज सरदार इंग्लंडात पुष्कळ होते. पण जहाजे, भाडोत्री सैन्य आणि पैसा समुद्रापलीकडून आल्याखेरीज त्यांच्या नाराजीचे बंड होत नव्हते. हे हेन्रीइतके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण तो स्वतः नेमका तसाच आला होता. फ्रान्सच्या दरबाराने दिलेला पैसा आणि सुमारे दोन हजार परकी शिपाई घेऊन तो ऑगस्ट १४८५ मध्ये वेल्समधील मिलफर्ड हेवनजवळ उतरला आणि पंधरवड्यात राजा झाला.

त्याला आणखी एक अनुभव होता. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने ब्रिटनीचा कारभारी पिएर लांदे याच्याशी संधान बांधून हेन्रीला ताब्यात मागितले होते. त्याची कुणकुण लागताच हेन्री नोकराचा वेष करून घोड्यावरून फ्रान्सच्या हद्दीत पळाला आणि थोडक्यात वाचला. आश्रित दावेदाराचे मोल किती असते आणि त्याला कधी विकले जाते, हे ज्याने अंगावर घेतले आहे त्याने पुढची २४ वर्षे जवळजवळ प्रत्येक तहात एकच कलम आग्रहाने घालून घेतले : एकाने दुसऱ्याच्या बंडखोरांना थारा द्यायचा नाही. मुलूख, खंडणी, व्यापार, लग्ने ही कलमे त्याच्या तहांत असतातच. पण तह तोलायचा तर आधी हे कलम पाहावे, असे माझे मत आहे. ते पाहिले की त्याच्या अनेक उलटसुलट वाटणाऱ्या चालींचा अर्थ लागतो.

हेन्रीविरुद्ध उभे राहिलेले तोतये कोण होते? ते खरोखर धोकादायक होते का?

तोतया म्हटले की मराठी वाचकाला पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आठवतो आणि ती आठवण येथे उपयोगाची आहे. प्रेत निर्विवादपणे ओळखले गेले नसेल तर मेलेला माणूस राजकारणात पुन्हा जिवंत करता येतो. चौथ्या एडवर्डचे दोन्ही मुलगे १४८३ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये दिसेनासे झाले होते आणि त्यांची प्रेते कोणी दाखवली नव्हती.

पहिला तोतया लॅम्बर्ट सिम्नेल. या लहानग्याला वॉरिकचा अर्ल एडवर्ड, म्हणजे यॉर्क घराण्याचा तेव्हाचा सर्वांत जवळचा पुरुष वारस, म्हणून उभे करण्यात आले. खरा वॉरिक टॉवरमध्ये कैदेत होता आणि हेन्रीने त्याला लंडनच्या रस्त्यांतून फिरवून दाखवले, तरीही २४ मे १४८७ रोजी डब्लिनच्या क्राइस्ट चर्चमध्ये सिम्नेलला राज्याभिषेक झाला. त्याच्या पाठीशी होती बर्गंडीची विधवा डचेस मार्गारेट, चौथ्या एडवर्डची आणि तिसऱ्या रिचर्डची सख्खी बहीण. तिने मार्टिन श्वार्ट्झ याच्या हाताखाली सुमारे दोन हजार जर्मन भाडोत्री शिपाई आयर्लंडला धाडले. १६ जून १४८७ रोजी स्टोक येथे ही फौज मोडली आणि बंडाचा म्होरक्या, चौथ्या एडवर्डचा भाचा, लिंकनचा अर्ल जॉन द ला पोल मारला गेला. सिम्नेलला हेन्रीने मारले नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात चाकरीला ठेवले.

स्टोकची लढाई बॉसवर्थनंतर दोन वर्षांच्या आत झाली आणि ती हेन्री हरलाही असता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यानंतरची त्याची धास्ती अवाजवी वाटत नाही.

सत्तेवर येताच त्याने बाहेर काय केले?

सर्वांशी तह. ज्या फ्रान्सने त्याला गादीपर्यंत पोहोचवले त्याच्याशी लगेच युद्धबंदी करून ती पुढे वाढवत नेली आणि जुलै १४८६ मध्ये स्कॉटलंडशी तीन वर्षांची युद्धबंदी केली. यात चमक नाही, पण घरची घडी बसेपर्यंत बाहेरून धक्का येऊ नये एवढेच त्याला हवे होते. इंग्लंडची लोकसंख्या तेव्हा २५ लाखांच्या आसपास, तर फ्रान्सची अंदाजे दीड कोटी. शंभर वर्षांच्या युद्धातले विजय भाटांच्या तोंडी असले तरी तोलामोलाचे दिवस सरले होते. फ्रान्समध्ये उरले होते ते एकटे कॅले.

ब्रिटनीच्या प्रकरणात त्याने चूक केली का?

निकाल पाहिला तर हे त्याचे सर्वांत मोठे अपयश आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ब्रिटनी ही फ्रान्सच्या राजघराण्याला गिळायची असलेली स्वतंत्र डची होती. तिच्या ड्यूकने हेन्रीला तेरा वर्षे पोसले होते, तर आठव्या चार्ल्सच्या फ्रान्सने त्याला राजा केले होते. तेव्हा दोन उपकारकर्त्यांत भांडण लागल्यावर त्याने आधी मध्यस्थी करून पाहिली. राणीचा मामा एडवर्ड वुडविल हा काही शे माणसे घेऊन परस्पर ब्रिटनीला गेला आणि २८ जुलै १४८८ रोजी सेंट ओबँ द्यू कोर्मिएच्या लढाईत माणसांसकट मारला गेला. सप्टेंबरमध्ये ड्यूक वारला आणि गादीवर उरली त्याची अकरा वर्षांची मुलगी अ‍ॅन.

इंग्लिश खाडीचा दक्षिण किनारा सबंध फ्रान्सच्या हाती जाणे इंग्लंडला परवडणारे नव्हते. म्हणून फेब्रुवारी १४८९ मध्ये रेडॉनचा तह करून हेन्रीने ६,००० सैनिक द्यायचे मान्य केले. खर्च मात्र ब्रिटनीने सोसायचा होता. पैसा उभा करण्यासाठी लावलेल्या करामुळे यॉर्कशायरमध्ये बंडाळी होऊन एप्रिल १४८९ मध्ये नॉर्थंबरलंडचा अर्ल जमावाच्या हातून ठार झाला. मित्र म्हणवणाऱ्या मॅक्सिमिलियनने (जर्मन सम्राटाचा मुलगा आणि वारस) १४९० मध्ये अ‍ॅनशी मुखत्यारामार्फत लग्न लावले, पण तिच्या रक्षणासाठी तो पुरेसा धावून आला नाही; स्पेनचे लक्ष ग्रनाडाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या युद्धाकडे होते. ६ डिसेंबर १४९१ रोजी अ‍ॅनने आठव्या चार्ल्सशी लग्न केले आणि ब्रिटनी गेली.

हेन्रीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, एकट्याच्या बळावर ती वाचवणे त्याच्या आवाक्यात नव्हते आणि ते उमगताच त्याने प्रतिष्ठेसाठी आणखी माणसे खर्ची घातली नाहीत.

मेदिना देल काम्पोच्या तहाला एवढे महत्त्व का दिले जाते?

२७ मार्च १४८९ रोजी स्पेनचे फर्डिनंड आणि इसाबेला यांच्याशी झालेल्या या तहात हेन्रीचा मुलगा आर्थर आणि त्यांची धाकटी मुलगी कॅथरीन यांची सोयरीक ठरली. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची, हुंडा दोन लाख क्राउन. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या बंडखोरांना आश्रय न देण्याचे कबूल केले. फ्रान्सविरुद्ध युद्धाच्या ज्या अटी घातल्या होत्या त्या उघडउघड स्पेनच्या सोयीच्या होत्या : स्पेनला हवे असलेले रूसियों आणि सेर्दान्य हे दोन प्रांत त्यांच्या पदरात पडले की त्यांनी मोकळे व्हायचे, इंग्लंडने मात्र त्यांना सोडून तह करायचा नाही.

तहाची कलमे पाहून हेन्री फसला असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. युरोपातील चढत्या घराण्याने चार वर्षांपूर्वीच्या आगंतुक राजाला आपली मुलगी देऊ केली, यातच त्याची कमाई होती. मुलीचा बाप सहसा बुडत्या घरी सोयरीक करत नाही. म्हणजे ट्युडर टिकणार असा फर्डिनंडचा हिशेब होता आणि तो हिशेब इतर दरबारांनीही वाचला. मात्र ठरलेले लग्न आणि झालेले लग्न यांत बारा वर्षे गेली व त्या बारा वर्षांत फर्डिनंड हेन्रीच्या गादीची नाडी तपासत राहिला.

१४९२ ची फ्रान्सवरील स्वारी लुटुपुटीची होती का?

हेन्री ऑक्टोबर १४९२ मध्ये मोठी फौज घेऊन कॅलेला उतरला आणि त्याने बुलोनला वेढा घातला. ३ नोव्हेंबरला एताप्लचा तह होऊन सगळे परत फिरले. हिवाळा तोंडावर आलेला असताना मोहीम काढणारा राजा फ्रान्स जिंकायला निघालेला नसतो, एवढे तर उघड आहे. चार्ल्सला इटलीत उतरायची घाई होती आणि पाठीमागे इंग्लंडचे लचांड त्याला नको होते. हेन्रीने ती घाई ओळखली आणि तिची किंमत लावली.

चार्ल्सने ७,४५,००० क्राउन वर्षाला ५०,००० च्या हप्त्याने द्यायचे मान्य केले. त्यात ब्रिटनीसाठी झालेल्या खर्चाची भरपाई आणि पिकिन्यीच्या १४७५ च्या तहात फ्रान्सने चौथ्या एडवर्डला कबूल केलेल्या पैशांची थकबाकी होती. इंग्लंडात काही जणांना हा सौदा लाजिरवाणा वाटला. लढाईसाठी कर भरला आणि राजा पैसे घेऊन आला, अशी ती तक्रार होती आणि करदात्याच्या बाजूने ती रास्तही आहे. पण रकमेच्या बरोबरीने महत्त्वाचे होते ते बंडखोरांना थारा न देण्याचे कलम. त्या वेळी पर्किन वॉरबेक नावाचा तरुण चार्ल्सच्या दरबारात राजपुत्राच्या थाटात राहत होता. तह होताच त्याला फ्रान्स सोडावे लागले.

पर्किन वॉरबेकचे प्रकरण आठ वर्षे का चालले?

कारण तो एका दरबारातून निघाला की दुसऱ्या दरबाराला त्याचा उपयोग असे. मूळचा तुर्नेचा, १४९१ मध्ये एका व्यापाऱ्याबरोबर आयर्लंडमधील कॉर्कला आलेला हा देखणा, सफाईने बोलणारा मुलगा चौथ्या एडवर्डचा धाकटा मुलगा रिचर्ड म्हणून उभा करण्यात आला. फ्रान्समधून निघाल्यावर तो बर्गंडीच्या डचेस मार्गारेटकडे गेला. तिने त्याला भाचा म्हणून मिठीत घेतले. मॅक्सिमिलियनने १४९३ मध्ये, आपल्या वडिलांच्या अंत्यविधीला, व्हिएन्नात त्याला राजाचा मान दिला.

याला हेन्रीने दिलेले उत्तर त्याच्या धोरणाची खरी पारख करून देते. इंग्लंडची मुख्य निर्यात कापड आणि त्या कापडाची मुख्य बाजारपेठ अँटवर्प; ते मार्गारेटच्या सासरच्या मुलखात, नेदरलँड्समध्ये होते. तरीही १४९३ मध्ये त्याने नेदरलँड्सशी व्यापार तोडला आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे ठाणे कॅलेला हलवले. व्यापारी हवालदिल झाले. या व्यापारबंदीतून वगळलेल्या ‘हॅन्सा’ या जर्मन व्यापारी संघाच्या लंडनमधील वखारीवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कामगारांनी हल्ला केला. जकात बुडते आहे हे पै-पैचा हिशेब स्वतः तपासणाऱ्या राजाला दिसत नव्हते असे नाही. ‘व्यापाऱ्यांचा राजा’ अशी त्याची जी ओळख करून दिली जाते ती या एका निर्णयापुढे टिकत नाही. घराणे आणि व्यापार यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने व्यापार सोडला.

धागे घरापर्यंत आले होते. बॉसवर्थच्या रणात ज्याच्या माणसांनी ऐनवेळी धावून हेन्रीचा जीव वाचवला तो सर विल्यम स्टॅन्ली वॉरबेकच्या कटात असल्याचे उघड झाले आणि फेब्रुवारी १४९५ मध्ये त्याचे मस्तक उडवण्यात आले. हा राजाच्या सावत्र वडिलांचा भाऊ आणि त्याच्या महालाचा मुख्य कारभारी होता.

जुलै १४९५ मध्ये वॉरबेकची माणसे केंटच्या किनाऱ्यावर डील येथे उतरली आणि कापली गेली. फेब्रुवारी १४९६ मध्ये नेदरलँड्सशी व्यापाराचा मोठा तह झाला. ‘इंटरकर्सस मॅग्नस’ या लॅटिन नावाने तो प्रसिद्ध आहे आणि व्यापारी सवलतींसाठी त्याची वाखाणणी होते. पण त्यातही बंडखोरांना आसरा न देण्याचे कलम आहेच, आणि विधवा डचेस मार्गारेटने ते मोडल्यास तिच्या उदरनिर्वाहाच्या जमिनी काढून घेण्याची तजवीजही त्यात आहे. एका बाईचे नाव घालून कलम लिहावे लागले, यावरून तिचा त्याला किती जाच झाला असेल ते समजते.

स्कॉटलंड या सर्वांत कुठे बसते?

मागच्या दाराशी. चौथा जेम्स हा तरुण, धाडसाची हौस असलेला राजा होता. त्याने नोव्हेंबर १४९५ मध्ये वॉरबेकला आश्रय दिला, आपल्या नात्यातल्या लेडी कॅथरीन गॉर्डन हिच्याशी त्याचे लग्न लावून दिले आणि सप्टेंबर १४९६ मध्ये त्याला घेऊन नॉर्थंबरलंडवर धाड घातली. तोतयाच्या नावाने एकही इंग्रज उठला नाही. जाळपोळ करून काही दिवसांत सगळे परतले.

हेन्रीने सूड म्हणून मोठी मोहीम आखली आणि त्यासाठी कर लावला. स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या भांडणाचे पैसे आम्ही का भरायचे, म्हणून देशाच्या पार दुसऱ्या टोकाचे कॉर्नवॉलचे लोक उठले आणि सुमारे १५,००० जण चालत लंडनच्या वेशीपर्यंत आले. १७ जून १४९७ रोजी ब्लॅकहीथवर त्यांचा मोड झाला, तोही उत्तरेला निघालेली फौज मागे बोलावून. त्यानंतर हेन्रीने लढाईचा नाद सोडला. स्पेनचा वकील पेद्रो दे आयाला याने मध्यस्थी केली आणि ३० सप्टेंबर १४९७ रोजी एटनची युद्धबंदी झाली. स्पेनला इंग्लंडचे हात फ्रान्सविरुद्ध मोकळे हवे होते.

जानेवारी १५०२ मध्ये तिचे ‘चिरंतन शांतते’च्या तहात रूपांतर झाले आणि ऑगस्ट १५०३ मध्ये हेन्रीची तेरा वर्षांची मुलगी मार्गारेट एडिंबरोच्या होलीरूडमध्ये जेम्सची राणी झाली. या सोयरिकीमुळे उद्या इंग्लंड स्कॉटलंडच्या राजाकडे गेले तर काय, असे सल्लागारांनी विचारले तेव्हा मोठे राज्य लहानाला आपल्याकडे ओढून घेते, असे हेन्रीने उत्तर दिल्याची कथा सांगतात. ती नंतर रचलेली असेलही. चिरंतन शांतता मात्र ११ वर्षे टिकली : सप्टेंबर १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत चौथा जेम्स मेहुण्याच्या सैन्याशी लढताना मारला गेला.

स्पेनच्या सोयरिकीसाठी वॉरिकचा बळी दिला गेला, हे खरे का?

वॉरबेक सप्टेंबर १४९७ मध्ये कॉर्नवॉलला उतरला आणि लवकरच शरण आला. हेन्रीने त्याला दरबारात नजरकैदेत ठेवले. १४९८ मध्ये तो पळाला, पकडला गेला आणि टॉवरमध्ये गेला. तेथे वॉरिकचा अर्ल, वयाच्या दहाव्या वर्षापासून बंदिस्त असलेला तो खरा वारस, होताच. दोघांनी मिळून निसटण्याचा बेत केल्याचा आरोप झाला. वॉरबेकला २३ नोव्हेंबर १४९९ रोजी टायबर्नला फाशी दिले आणि वॉरिकचा शिरच्छेद २८ नोव्हेंबरला झाला.

कट घडला की घडवला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण जानेवारी १५०० मध्ये स्पेनचा लंडनमधील वकील दे पुएब्ला याने आपल्या धन्यांना कळवले की, इंग्लंडात आता संशयास्पद राजरक्ताचा एक थेंबही उरला नाही. हे पत्र वाचल्यावर स्पेनच्या मनाजोगते झाले याविषयी शंका राहत नाही. ज्या तरुणाचा गुन्हा त्याच्या जन्माखेरीज दुसरा नव्हता त्याच्या मानेवर हे सुरक्षिततेचे धोरण उभे आहे आणि हेन्रीच्या शहाणपणाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

लग्न झाले, पण आर्थर तर लगेच वारला. मग सगळे वाया गेले का?

१४ नोव्हेंबर १५०१ रोजी सेंट पॉलच्या चर्चमध्ये आर्थर आणि कॅथरीन यांचे लग्न झाले. २ एप्रिल १५०२ रोजी लडलो येथे आर्थर गेला. फेब्रुवारी १५०३ मध्ये राणी एलिझाबेथ बाळंतपणात वारली. घराण्याची सगळी भिस्त अकरा वर्षांच्या धाकट्या हेन्रीवर आली.

हुंड्याचा निम्मा भाग, एक लाख क्राउन, आलेला होता. तो परत करायचा की उरलेला मागायचा, सून परत पाठवायची की ठेवायची, यावर जी घासाघीस झाली ती वाचताना आपल्याकडच्या लग्नाच्या याद्या आठवल्यावाचून राहत नाहीत. जून १५०३ मध्ये कॅथरीनचे धाकट्या दिराशी लग्न ठरले आणि पोप दुसऱ्या ज्युलियसची परवानगी घेण्यात आली; याच परवानगीच्या वैधतेवरून पुढे आठव्या हेन्रीच्या घटस्फोटाचा वाद पेटला आणि इंग्लंड रोमपासून तुटले. पण नोव्हेंबर १५०४ मध्ये इसाबेला वारली, तिचे राज्य कॅस्टील फर्डिनंडच्या हातून निसटू लागले आणि सोयरिकीचा भाव पडला. १५०५ मध्ये राजपुत्राकडून या वाङ्निश्चयाविरुद्ध गुपचूप हरकत नोंदवून घेऊन हेन्रीने आपली वाट मोकळी ठेवली, आणि कॅथरीन लंडनात अपुऱ्या पैशांत दिवस काढत राहिली.

वारसाची अवस्था किती नाजूक झाली होती हे कॅलेतल्या अधिकाऱ्यांच्या एका संभाषणाच्या अहवालातून कळते. राजा आजारी आहे, पुढे कोण, असा विषय निघाला तेव्हा कोणी बकिंगहॅमच्या ड्यूकचे नाव घेतले, कोणी परदेशात पळालेल्या एडमंड द ला पोलचे; राजाच्या मुलाचे नाव मात्र कोणीच काढले नाही.

१५०६ चे वादळ हेन्रीच्या पथ्यावर कसे पडले?

एडमंड द ला पोल, सफोकचा अर्ल, हा स्टोकला पडलेल्या लिंकनचा भाऊ. १५०१ मध्ये तो पळून मॅक्सिमिलियनकडे गेला. हेन्रीने १५०२ मध्ये मॅक्सिमिलियनला तुर्कांविरुद्धच्या युद्धासाठी म्हणून १०,००० पौंड देऊन बंडखोरांना हाकलण्याचे वचन घेतले. पैसे गेले, सफोक मात्र त्या मुलखातच राहिला.

जानेवारी १५०६ मध्ये मॅक्सिमिलियनचा मुलगा, नेदरलँड्सचा सत्ताधीश फिलिप, बायको हुआना, म्हणजे इसाबेलाची मुलगी, हिच्यासह कॅस्टीलचे राज्य घ्यायला जहाजाने निघाला आणि वादळात सापडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागला. हेन्रीने त्याचे विंडसरला असे आदरातिथ्य केले की, पाहुण्याला निघता येईना. फिलिपला ‘गार्टर’ या इंग्लंडच्या सरदारी पंथाचा मान मिळाला, राजपुत्र हेन्रीला ‘गोल्डन फ्लीस’ या बर्गंडीच्या पंथाचा. मेजवान्या, नाच, टेनिस सगळे झाले आणि तीन महिन्यांनी फिलिप निघाला तोवर तह होऊन सफोक टॉवरमध्ये पोहोचला होता. त्याचा जीव घेणार नाही एवढे वचन हेन्रीला द्यावे लागले आणि ते त्याने पाळले. बावीस वर्षांपूर्वी ब्रिटनीतून जे स्वतःच्या वाट्याला येता येता टळले होते ते त्याने दुसऱ्याच्या वाट्याला आणले.

याच भेटीत व्यापाराच्या अशा सवलती काढून घेतल्या गेल्या की, नेदरलँड्सच्या लोकांनी त्या तहाला ‘वाईट तह’ म्हणून ‘इंटरकर्सस मॅलस’ हे नाव दिले. तो अमलात आला नाही. फिलिप सप्टेंबर १५०६ मध्ये वारला आणि पुढल्या वर्षी व्यवहार जुन्या अटींवर परतला. ओढूनताणून घेतलेले टिकत नाही हे व्यापारात लवकर कळते.

त्याची शेवटची वर्षे अपयशाची होती, असे का म्हणतात?

विधुर झाल्यावर त्याने नेपल्सची तरुण विधवा राणी, मॅक्सिमिलियनची मुलगी मार्गारेट आणि फिलिपची विधवा हुआना अशा तिघींची चाचपणी केली. जमले एकही नाही. डिसेंबर १५०८ मध्ये युरोपातील मोठ्या सत्तांनी कॅम्ब्रेचा गट केला तेव्हा हेन्री बाहेर राहिला. म्हणून त्याला एकटे पाडले असे काही लिहितात. पण तो गट व्हेनिसच्या मुलखाच्या वाटणीसाठी होता आणि तेथे इंग्लंडला घेण्यासारखे काही नव्हते. सगळे इटलीत एकमेकांत गुंतलेले असताना इंग्लंडविरुद्ध तोतया पोसायला कोणाला फुरसत उरत नव्हती, हे त्याच्या पथ्याचेच होते. त्याच डिसेंबरमध्ये धाकटी मुलगी मेरी हिचा फिलिपच्या मुलाशी, म्हणजे पुढच्या सम्राट पाचव्या चार्ल्सशी, वाङ्निश्चय झाला. तोही अखेर मोडला.

या सोयरिकींचा मुंबईशी काही संबंध आहे का?

दूरचा, पण खरा आहे. १६०३ मध्ये पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारल्यावर मार्गारेट ट्युडरचा पणतू, स्कॉटलंडचा सहावा जेम्स, इंग्लंडचा राजा झाला. त्याचा नातू दुसरा चार्ल्स याचे पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरले तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई बेट आंदणात आले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिले गेले. होलीरूडचे लग्न लावताना अर्थातच हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

यॉर्क घराण्याचे दावेदार अखेर कधी संपले?

हेन्रीच्या हयातीत नाही. २१ एप्रिल १५०९ रोजी रिचमंडच्या राजवाड्यात तो वारला आणि बातमी दोन दिवस दाबून ठेवण्यात आली. पण कोणी फौज उतरवली नाही, कोणी तोतया काढला नाही. अठरावे सरत आलेला मुलगा आठवा हेन्री म्हणून राजा झाला आणि ११ जूनला त्याने कॅथरीनशी लग्न केले. १५१३ मध्ये फ्रान्सवर स्वारीला निघण्यापूर्वी त्याने टॉवरमधल्या सफोकचे डोके उडवले. बापाचे वचन बापाबरोबर गेले. सफोकचा धाकटा भाऊ रिचर्ड द ला पोल तेवढा मोकळा होता. तो फ्रान्सच्या पदरी राहिला, लोक त्याला यॉर्क घराण्याच्या चिन्हावरून ‘पांढरा गुलाब’ म्हणत, आणि फ्रान्सचे इंग्लंडशी बिनसले की त्याचे नाव पुढे येई. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी, बॉसवर्थनंतर जवळजवळ ४० वर्षांनी, इटलीत पाव्हियाच्या रणात फ्रान्सच्या बाजूने लढताना तो पडला.